मावशीचे तीन ओळखदार

ज्या घरी कामाला जाईल त्या घरी ती मावशीच असायची. आजाऱ्याची मावशी, आजाऱ्याच्या मुलाची मावशी आणि त्या मुलाच्या मुलांचीही मावशीच. नात्यांचा एवढा घोळ दुसऱ्या कुठल्या कामात होत नसेल. तिचं काम अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना सांभाळायचं: उठवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं, कूस बदलायची, वेळेवर गोळ्या द्यायच्या आणि वर त्यांची चिडचिड ऐकून घ्यायची. घरच्यांची चिडचिड वेगळी, ती पगारात धरलेली नव्हती. माणसाला पलंगावरून खुर्चीत घेताना ती सारखी 'सावकाश, सावकाश' म्हणायची, म्हणून कामं देणाऱ्या एजन्सीतल्या बायकांनी तिचं नावच 'सावकाश मावशी' पाडलं होतं. तिच्या स्वतःच्या आयुष्यात मात्र सावकाश असं काहीच झालं नाही. नवरा लवकर गेला, मुलगी लवकर मोठी झाली आणि कंबर तर सगळ्यांच्या आधी गेली.

आता ती साठीला टेकली होती आणि दमली होती. एक दिवस झोप काढली की भरून निघेल असलं ते दमणं नव्हतं. सकाळी डोळा उघडायचा तोच दमलेला. एका घरची रात्रपाळी संपवायची, खोलीवर येऊन पाठ टेकायची, की दुसऱ्या घरच्या दिवसपाळीची वेळ झालीच. बसमध्ये दांडीला धरून उभ्या उभ्या ती डुलकी काढायची आणि उतरायच्या थांब्याआधी बरोब्बर जागी व्हायची. हे एक कौशल्य तिला कुणी प्रमाणपत्र न देता आलं होतं.

अशात तिचं नशीब जरा फळफळलं. शहराच्या टोकाला एक वृद्धनिवास होता, तिथल्या मेट्रननं तिला एका घरी काम करताना पाहिलं होतं. तिनं बोलावून घेतलं. नोकरी कायमची, पाळी फक्त दिवसाची, आणि माणूस उचलायला चक्क यंत्र. "बटण दाबलं की आजोबा वर," मेट्रन म्हणाली. मावशीनं ते यंत्र रिकामंच वरखाली करून बघितलं, पुन्हा एकदा बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी यायचंच काय ते बाकी राहिलं.

"सोमवारपासून या. शनिवार संध्याकाळपर्यंत तेवढी डबी दाखवून जा," मेट्रन म्हणाली. "त्यानंतर मात्र मला दुसरी बाई बघावी लागेल. माझाही नाइलाज आहे."

डबी म्हणजे फोनमधली ओळखीची डबी. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. पूर्वी माणसाचे कागद कचेरीच्या कपाटात असायचे, आता ते ब्लॉकचेनवर गेले होते. म्हणजे नेमके कुठे गेले हे समजवायला एजन्सीच्या हॉलमध्ये एकदा एक साहेब आला होता, चांगला बोलणारा. तो म्हणाला, ही एक साखळी आहे, हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिलेली. एकदा लिहिलं की ते कुणालाही खोडता येत नाही, चोराला नाही आणि साहेबालाही नाही. तुमचं प्रशिक्षण, पोलिसांची तपासणी, लसी, जुन्या घरांनी दिलेले शेरे, सगळ्याची खूण तिथे पक्की. ते उघडायची किल्ली फक्त तुमच्या फोनमध्ये. कुणाला काय दाखवायचं ते तुम्ही ठरवायचं. वय लपवायचं तर खुशाल लपवा.

"तुमची ओळख आता तुमच्या हातात," असं म्हणून त्यानं भाषण संपवलं आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. मावशीनंही वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. बाई दुसरीकडे जाऊ नये म्हणून एका घरानं कधीकाळी तिचं प्रमाणपत्र कपाटात कोंडून ठेवलं होतं आणि तिला नको असताना तिथेच राबावं लागलं होतं. आता तसं करायची कुणाच्या बापाची हिंमत नव्हती. उगाच नावं ठेवू नयेत, गोष्ट चांगलीच होती.

"पण साहेब, फोनच हरवला तर?" मागून लंबूनं विचारलं. लंबू म्हणजे एजन्सीतली सगळ्यात उंच बाई, मावशीची जुनी सोबतीण.

साहेबाला याच प्रश्नाची वाट बघत असल्यासारखा आनंद झाला. त्यासाठीच तर ओळखदार, तो म्हणाला. प्रत्येकीनं तीन माणसं नेमायची. फोन गेला की त्यांतल्या दोघांना समोर जाऊन भेटायचं. त्यांनी आपापल्या फोनवरून सांगायचं, हो, ही तीच. झालं, सगळं नव्या फोनवर परत हजर. "फक्त माणसं भरवशाची नेमा," त्यानं बजावलं, "आणि सहज सापडतील अशी."

आता इथे जो घोटाळा झाला तो याच बायका करू जाणोत. भरवशाचं आणि सहज सापडणारं माणूस कोण? शेजारीण कामावर, बहीण लांब, भाऊ फोन उचलत नाही. कधीही जा, घरातच सापडणार, कुठे म्हणून हलणार नाही, असं माणूस त्यांना एकच माहीत होतं, आणि ते म्हणजे ज्याला त्या सांभाळत होत्या ते. बायकांनी धडाधड म्हाताऱ्यांची नावं भरली. म्हाताऱ्यांनाही त्याचं कोण कौतुक. त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी कशावर नेमलं नव्हतं. साहेबाच्या हे ध्यानातच आलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे त्याचे स्वतःचे तिघं असणार, धडधाकट, रोज पळायला जाणारे. पुढे व्हायचं तेच झालं. त्या वयात माणसं जे करतात ते या ओळखदारांनी एकेक करून करायला सुरुवात केली. लंबूचा फोन बाजारात मारला गेला तेव्हा तिच्या तिघांपैकी एकही या जगात नव्हता. ती आता एका खानावळीत भांडी घासते. तिथे डबी विचारत नाहीत.

मावशीनं त्यातल्या त्यात शहाणपणा केला होता. तिघांत एक मुलगी घातली होती. उरलेले दोघं मात्र तिचे पेशंटच: एक घड्याळजी, ज्यांची डावी बाजू गेली होती आणि जे उजव्या हातानं अजूनही घड्याळं खोलून ठेवायचे, आणि दुसऱ्या चौकशीबाई. चौकशीबाईंनी अख्खी नोकरी बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत काढली होती. मावशी त्यांच्याकडे बरीच वर्षं होती. विसरायला लागल्या तेव्हा मुलानं त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घरी नेलं आणि मावशीचं ते काम सुटलं. भेटायला येत जाईन, असं तिनं निघताना सांगितलं होतं. मग एकदाही जमलं नाही. न जमायला कारणं पुष्कळ होती आणि सगळी खरी होती.

आणि मावशी स्वतः किती जणांची ओळखदार होती, ते विचारू नका. ज्या घरी जाई तिथले लोक तिला नेमून टाकायचे. त्यापायी तिनं एकदा नोकरीही घालवली. एका आजोबांचा पुतण्या नवाकोरा फोन घेऊन आला आणि म्हणाला, काकांचा जुना हरवला, मावशी, जरा 'हो' दाबा. आजोबांना समोर आणा, ती म्हणाली. ते झोपलेत, तो म्हणाला. मग उठू देत, मी थांबते, असं म्हणून ती दारातल्या स्टुलावर बसली ती अंधार पडेपर्यंत. आजोबा उठले तेव्हा जुना फोन त्यांच्या उशीखालीच निघाला. दुसऱ्या दिवसापासून मावशीला येऊ नका म्हणून निरोप आला. नोकरी गेल्याचं तिनं मनाला लावून घेतलं नाही. एवढा वेळ बसवून त्यानं घोटभर पाणीसुद्धा विचारलं नाही, याचा मात्र तिला राग होता.

तर अशा बाईचा फोन गेला. एका लठ्ठ वकिलांना ती टबात उतरवत होती, त्यांचा पाय सटकला, तिनं दोन्ही हातांनी त्यांना सावरलं आणि ॲप्रनच्या खिशातला फोन पाण्यात गेला. वकील वाचले, फोन बुडाला. "माझ्यावर दावा लावू नका म्हणजे मिळवली," वकील म्हणाले आणि स्वतःच हसले. दुरुस्तीवाल्यानं फोन उघडून बघितला, कानाशी धरून हलवला आणि नवीन घ्या म्हणाला. नवीन घेतला. तो चकचकीत होता, चालत होता आणि त्याला मावशी कोण हे अजिबात माहीत नव्हतं.

तिनं मदतकेंद्राला फोन लावला. आवाज फार गोड होता.

"तुमची ओळख संपूर्णपणे तुमच्या ताब्यात आहे," आवाज म्हणाला. "आम्ही तिला हात लावू शकत नाही."

"मग कोण लावणार?"

"तुमचे ओळखदार."

"त्यांतले एक वारले हो."

"ऐकून वाईट वाटलं. ओळखदार बदलायचे असतील तर आपल्या किल्लीनं डबी उघडा."

"किल्ली वकिलांच्या टबात गेली."

"अशा वेळी आपल्या ओळखदारांना भेटा."

ते वर्तुळ मावशी तीन वेळा फिरून आली. मग कचेरीत गेली. तिथे पूर्वीच्या खिडक्यांना पांढरे पडदे लावले होते आणि दाराशी एक पहारेकरी बसला होता. तोही बिचारा कंटाळलेला. "इथे कुणी नसतं आता," तो म्हणाला. मावशीला जुन्या कारकुनाची आठवण आली. मोठा खडूस माणूस होता. हेलपाटे घालायला लावायचा, तोंड वाकडं करायचा. पण त्याच्याशी भांडता यायचं. त्याला लाज वाटायला लावता यायची. नाहीच तर समोर ठाण मांडून बसलं की कंटाळून का होईना, शिक्का मारायचा. इथे भांडायला समोर कुणी नव्हतंच. सगळं तिच्याच हातात होतं म्हणे, आणि तिचे दोन्ही हात रिकामे होते. तिला इतका थकवा आला की ती तिथल्या पायरीवरच बसली. पहारेकऱ्यानं तिला उठवलं नाही.

मुलगी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून दुसऱ्या गावाहून आली. खोलीत शिरल्या शिरल्या तिनं फोन काढला, मावशीचा नवा फोन शेजारी ठेवला आणि 'हो' दाबलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मुलीनं वाद न घालता आपल्याला हो म्हटलं, असं मावशीच्या मनात आलं, पण ते सुख काही टिकलं नाही.

"बाकीचे दोन कोण?" मुलीनं विचारलं.

मावशीनं सांगितलं.

"तिघांत दोन पेशंट. मग मला तरी कशाला घेतलंस, आई? एक जागा शिल्लक राहिली म्हणून?"

"काहीतरीच काय बोलतेस. तू मुलगी आहेस माझी."

"हो, आहे ना. लहानपणी ताप आला की शेजारच्या काकू डोक्यावर पट्ट्या ठेवायच्या. तू कुणाच्या तरी आजीच्या डोक्यावर ठेवत असायचीस."

मुलगी खोटं बोलत नव्हती आणि मावशीही काही मजा मारायला गेलेली नसायची. दोघी खरं बोलत असल्या की भांडण पुढे सरकत नाही. दोघींनी चहा घेतला. मुलीनं नोकरीतल्या गोष्टी सांगितल्या, कमी बोलून जास्त सांगितल्या, आणि बसची वेळ झाली तशी निघाली. निघताना पिशवीतून कमरेचा एक नवा पट्टा काढून तिनं टेबलावर ठेवला. "तुझा तो जुना सैल पडलाय," एवढंच म्हणाली.

आता एकच ओळखदार राहिल्या होत्या. घड्याळजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. मावशी त्यांच्या अंत्यविधीला गेली होती, खांदा देणाऱ्यांच्या मागे चालली होती. पण साखळीच्या हिशेबी घड्याळजी अजून ओळखदारच होते. तिथे चोराला काही खोडता येत नव्हतं, तसं मरणालाही येत नव्हतं.

फोनवर सगळं ऐकून घेऊन चौकशीबाईंच्या सुनेनं शनिवारी दुपारी या म्हणून सांगितलं. शनिवार म्हणजे शेवटचा दिवस, पण बाकीचे दिवस तिला वेळच नव्हता आणि तिच्या आवाजावरून ते खरं वाटत होतं. मावशीनं नवा पट्टा बांधला आणि दोन बस बदलून गेली. वाटेत तिनं स्वतःला चार वेळा बजावलं की त्या ओळखणार नाहीत, आशा ठेवू नकोस. अशी माणसं तिनं जन्मभर सांभाळली होती, तिला का माहीत नव्हतं? पण मन मोठं लबाड असतं. जिच्या वेण्या आपण घातल्या, जिला आपण घास घास करून भरवलं, तिच्या डोक्यात आपलं काहीतरी, कुठेतरी कोपऱ्यात पडलेलं असेल, असं ते गुपचूप म्हणतच राहिलं.

दार सुनेनं उघडलं. एका कानात फोनची वायर, हातात लॅपटॉप, डोळ्यांखाली काळं. "आत आहेत," ती म्हणाली. "आज सांभाळणारी बाई आली नाही. तुमचं होईल ना लवकर?"

चौकशीबाई स्वयंपाकघराच्या अर्ध्या भिंतीशी खुर्चीत बसल्या होत्या. दोन्ही हात भिंतीच्या कट्ट्यावर ठेवलेले, मान ताठ. मावशी पलीकडून समोर येऊन उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं.

"बोला, कुठे जायचंय?"

"कुठे नाही, बाई. तुम्हाला भेटायला आले."

"इथे भेटायला येत नाहीत, विचारायला येतात," चौकशीबाई म्हणाल्या. "मागे रांग आहे. पटकन बोला."

मावशीनं मागे वळून बघितलं. मागे फ्रिज होता. तिला हसू आलं आणि मग ध्यानात आलं. नाहीच ओळखलं. आधीच माहीत असलेली गोष्टही इतकी लागते, हे तिला नवीन होतं.

मग तिचं लक्ष त्यांच्या बसण्याकडे गेलं. उशी खाली घसरली होती, सगळा भार एका कुशीवर आला होता, आणि एक टाच खुर्चीच्या दांडीवर घासून लाल झाली होती. हे बघून नुसतं उभं राहणं तिच्यानं झालं नसतं. ती भिंतीला वळसा घालून आत आली, काखेत हात घातला, 'सावकाश, सावकाश' म्हणत त्यांना सरळ केलं, उशी बसवली, टाचेखाली टॉवेलची घडी ठेवली. कमरेतून कळ गेली ती तिनं गिळली. मग एक स्टूल ओढून त्यांच्या शेजारी बसली. ती खिडकीच्या आतल्या बाजूला आली तशा चौकशीबाई एकदम मोकळ्या झाल्या.

"नवीन का गं तू?"

"हो," मावशी म्हणाली. काय बोलणार होती?

"घाबरू नकोस. लोक ओरडतात. त्यांची गाडी चुकलेली असते, आपल्यावर राग नसतो."

सुनेनं कपाटाच्या खणातून चौकशीबाईंचा फोन आणून दिला. मावशीनं आपला फोन त्याच्या जवळ नेला, तसा बाईंच्या फोनवर मावशीचा फोटो उमटला. डबी पहिल्यांदा काढली तेव्हाचा, केस काळे असतानाचा. खाली प्रश्न होता: या व्यक्तीला तुम्ही स्वतः ओळखता का? त्याखाली 'हो' आणि 'नाही'.

"त्यांचा अंगठा धरा आणि 'हो'वर टेकवा," सून कानातली वायर काढून म्हणाली. "आम्ही पेन्शनचं सगळं असंच करतो."

मावशीनं अंगठा धरला. तो हात तिच्या ओळखीचा होता, नखं कशी वाढतात तेसुद्धा तिला माहीत होतं. बाई विरोध करणार नव्हत्या. बघणारंही कुणी नव्हतं, आणि जी होती तीच तर तसं करायला सांगत होती. यंत्राचं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं, बटण दाबलं की वर जाणारं. तिनं अंगठा सोडला.

"असं नको."

"अहो, काय फरक पडतो? तुम्ही त्याच आहात, हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे."

"पण विचारलंय त्यांना," मावशी म्हणाली. "त्यांचा हात धरून मीच माझ्याबद्दल हो म्हणायचं, तर मग त्यांना नेमलं कशाला? त्या हो म्हणाल्या तर म्हणाल्या. नाही तर नाही."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"तर लंबूच्या खानावळीत जागा असेल एखादी."

सुनेला लंबू कोण ते कळलं नाही. तिनं सुस्कारा टाकला आणि दाराला टेकून उभी राहिली. मावशीनं फोन बाईंच्या डोळ्यांपुढे धरला आणि प्रश्न मोठ्यानं वाचला.

"या बाईला तुम्ही ओळखता का?"

चौकशीबाईंनी चष्मा वर केला, खाली केला. फोटो बराच वेळ बघितला.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "मी नाही ओळखत हिला."

मावशीला वाटलं, चला, संपलं. आणि वाईट वाटण्याआधी तिला क्षणभर सुटल्यासारखंच झालं, इतकी ती दमली होती. ती म्हणाली, "मग इथे 'नाही' दाबा. हे, इथे."

बाईंचा अंगठा पुढे आला आणि अधांतरी थांबला.

"'नाही' दाबलं तर हिचं काय होईल?"

"काम जाईल तिचं."

"आणि 'हो' दाबलं तर?"

"मिळेल."

चौकशीबाईंनी मान तिच्याकडे वळवली. "तू ओळखतेस का हिला?"

मावशीनं दारातल्या सुनेकडे बघितलं.

"ओळखते," मावशी शेवटी म्हणाली.

"किती वर्षं?"

"ती आहे तेव्हापासून."

"कशी आहे?"

जन्मात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. काय येतं, कुठे शिकलीस, आधी कुणाकडे होतीस, हे सगळं विचारून झालं होतं. तिनं फोटोकडे बघितलं.

"बरी आहे," ती सावकाश म्हणाली. "कामाला चोख आहे. चोरी केली नाही कधी. स्वभावानं जरा हट्टी. घरच्यांना वेळ दिला नाही तिनं, मुलीचा राग आहे तिच्यावर आणि तो बरोबर आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "आणि आता फार दमलीय."

"मग तिला हेलपाटे कशाला घालायला लावायचे?" चौकशीबाई म्हणाल्या.

"पण तुम्ही ओळखत नाही ना तिला. स्वतः ओळखता का, असं विचारलंय."

चौकशीबाईंनी तिच्याकडे अशा नजरेनं बघितलं, जणू ही नवी मुलगी काही या खिडकीत टिकायची नाही.

"खिडकीशी आलेल्या एका तरी माणसाला मी ओळखत होते का गं? सगळे परकेच. म्हणून काय कुणाला गाडी कुठली ते सांगितलं नाही? शेजारी बसणारी म्हणते ना, बाई खरी आहे. मग झालं. तू माझ्याशी खोटं कशाला बोलशील?"

आणि त्यांनी आपल्या अंगठ्यानं, स्वतःच्या अंगठ्यानं, 'हो' दाबलं.

मावशीच्या हातातला फोन थरथरला. एकेक करून सगळं परत यायला लागलं: नाव, फोटो, प्रशिक्षण, पोलिसांची तपासणी, लसी, जुन्या घरांचे शेरे. सुनेनं वाकून बघितलं, मावशीच्या खांद्यावर हात ठेवला आणि निवासाची कचेरी किती वाजता बंद होते ते विचारलं. अजून वेळ होता. मावशीनं मान डोलावली, फोन पर्समध्ये टाकला, पर्स खांद्याला लावली आणि उठली. खरं तर तिला रडायचं होतं, पण ते बसमध्ये करता आलं असतं.

"झालं का तिचं काम?" चौकशीबाईंनी विचारलं.

"झालं, बाई."

"स्वतः आली होती का ती?"

"हो. स्वतः आली होती."

चौकशीबाईंनी कट्ट्यापलीकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं.

"आणि गेलीसुद्धा," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "असंच असतं बघ. काम झालं की माणूस वळून बघत नाही. तुलाही सवय होईल."

मावशी पर्सचा पट्टा धरून उभी राहिली. मग तिनं पर्स खांद्यावरून उतरवली, जमिनीवर ठेवली आणि पुन्हा स्टुलावर बसली.

"नाही गेली," ती म्हणाली. "आहे ती अजून. बसलीय."

"असं? मग बसू दे तिला," चौकशीबाई म्हणाल्या. "उठवू नकोस."